आमसुली रंगाची मोटार

मावशीच्या घरी सकाळ व्हायची ती काकांच्या फडक्याच्या आवाजानं. पाणी पिळून फडकं झटकलं की फट् असा आवाज व्हायचा आणि मी अंथरुणातच ओळखायची, आज रविवार. काका कोर्टात वकील. सहा दिवस काळा कोट घालून जायचे आणि सातव्या दिवशी धोतर वर खोचून अंगणातली मोटार पुसायचे. लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि तेही इतकं थोडं, की मोटार महिन्यातून एखाद वेळा नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायची. बाकीचे दिवस ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. पण तिला पुसणं चुकायचं नाही. आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग कसलंसं मेण लावून मऊ फलालीनच्या कापडानं घासणं. मावशी तुळशीला पाणी घालता घालता म्हणायची, "मेलीचं नशीब बघ. आम्हांला कुणी असं न्हाऊ घालतंय का?" काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांना हसू आलेलं मात्र त्यांच्या पाठीवरून कळायचं.

मोटारीचा रंग काळा नव्हता, लालही नव्हता. काका त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणत. मी मनातल्या मनात त्याला आमसुली म्हणायची. आमसूल गरम पाण्यात भिजत घातलं की काठाशी लाल आणि मध्ये गर्द जांभळं दिसतं, अगदी तसा. सावलीत मोटार काळसर दिसे आणि उन्हात आणली की आतून कुणी दिवा लावल्यासारखी उजळे. शाळेतून आल्यावर मी पुष्कळदा शेडच्या दाराशी नुसतीच बसून तिच्याकडे बघायची. मोटारीत बसायची मला फारशी हौस नव्हती, पण तो रंग बघायची होती.

मी सांगलीला मावशीकडे शिकायला होते. आमचं गाव पलूसच्या बाजूला. गावात मुलींची शाळा चौथीला संपायची आणि चौथी संपलेल्या मुलीला दुसऱ्या वर्षी बघायला येत. मावशीला मूलबाळ नव्हतं. ती एकदा माहेरपणाला आली ती मला घेऊनच निघाली. आई काही बोलली नाही, पण माझी वेणी घालताना तिचे हात फार हळू चालले होते. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे आवडलं नव्हतं. मुलगी शिकते याचं त्यांना वावडं नव्हतं, पण ती दुसऱ्याच्या ताटात जेवते हे त्यांना सोसत नव्हतं. म्हणून ते कधी रिकाम्या हातांनी सांगलीला आले नाहीत. गुळाची ढेप, काकवीची घागर, जोंधळ्याचं पोतं, कृष्णाकाठची वांगी. ओसरीवर माल उतरवायचे, उभ्या उभ्या पाणी प्यायचे आणि "येतो वकीलसाहेब" म्हणून बैल वळवायचे. रात्रीचा मुक्काम त्यांनी मावशीकडे कधीच केला नव्हता. काकाही त्यांना "आबासाहेब" म्हणत आणि दोन शब्द बोलून आत जात. दोघे साडू, पण एकमेकांसमोर दोन परक्या गावांच्या पंचांसारखे बसायचे.

त्या रविवारी आबा बाजारात हळद घालून दुपारी आमच्याकडे आले. हळदीच्या दिवसांत सांगलीत सगळीकडे तो पिवळा वास असायचा आणि आबांच्या पटक्यालाही तो येत होता. काकांनी मोटार पुसून अंगणात उन्हाला काढली होती. बरेच दिवस उभी होती म्हणून ते आत बसून इंजिन चालू करून बघत होते. आबांची गाडी फाटकातून आत शिरायला आणि काकांनी भोंगा वाजवायला एकच गाठ पडली. बैल खेड्यातले, असा आवाज त्यांनी कानाजवळ कधी ऐकलेला नव्हता. डावीकडचा बुजला, जोखड फिरलं, गाडी तिरकी झाली आणि आखाचं लोखंडी टोक मोटारीच्या दाराला खरवडत मागच्या चाकापर्यंत गेलं. तो आवाज मला आजही लिहून दाखवता येणार नाही. अंगावर काटा आणणारा, लांबलचक होता.

आबांनी उडी मारून बैलांची वेसण धरली. काका खाली उतरले. दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर रुंदीची पांढरी रेघ गेली होती, मधे मधे पत्रा उघडा पडून चमकत होता. काकांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "बैल आवरता येत नसतील तर आवारात गाडी आणायची कशाला?"

एवढंच. काका वाईट माणूस नव्हते, जिभेवर आलं ते बोलून गेले. पण आबा पहिल्या महायुद्धात इराकात, बसऱ्याला, खेचरांच्या पलटणीत होते. तोफांच्या आवाजात त्यांनी जनावरं सांभाळली होती. त्यांना हे वाक्य लागलं. ते काही वेळ बैलाच्या मानेवर हात फिरवत राहिले. मग पाठमोरे असतानाच म्हणाले, "वकीलसाहेब, वरखडा माज्या गाडीनं पाडलाय. त्यो निगाल्याबिगर मी सांगली सोडायचा न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "इंदे, तुजी बी कापडं बांदून ठेव. हितलं काम झालं की तुला घिऊन जातो. लय दिस ऱ्हायलीस लोकांच्यात."

मावशी दारात उभी होती. "दाजी, लोक कोण? मी लोक झाले?" असं ती म्हणाली, पण आबा बैल सोडायला लागले. मला रडूही आलं नाही. मी ओसरीच्या पायरीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबा बाहेर पडले आणि उन्हं वर यायच्या आत एका म्हाताऱ्याला घेऊन आले. दस्तगीरचाचा. सांगलीतले निम्मे टांगे यांच्या हातचे रंगलेले. उंच, वाकलेले, दाढीला मेंदी, आणि बोलण्यात अशी ऐट की जणू टांगे रंगवायचे म्हणजे राज्याभिषेक करायचा. काकांनी त्यांना बघून कपाळाला आठ्या घातल्या. "टांग्याचा रंगारी मोटारीला हात लावणार?"

चाचांनी मोटारीभोवती एक फेरी मारली. "वकीलसाब, टांगा काय आणि मोटार काय, रंग लाकडाला बसतो तसाच पत्र्याला बसतो. फरक एवढाच, टांग्याला घोडा लागतो आणि तुमच्या मोटारीला पेट्रोल. आज घोडा मिळतो, पेट्रोल मिळत नाही." मावशी पदर तोंडाला लावून हसली. मुंबईहून रंग मागवायची सोय नव्हती, लढाईत विलायती डबे येणंच बंद होतं. शेवटी काका "बघा काय जमतंय ते" म्हणून कोर्टात गेले.

आणि मग आमच्या अंगणात जे दिवस सुरू झाले, त्यांच्याइतके विचित्र आणि चांगले दिवस मी पुढं फार थोडे पाहिले. चाचांनी आबांना सांगितलं की घासणं मेहनतीचं काम आहे, त्यासाठी माणूस लागेल. आबा म्हणाले, "मीच हाय की." त्यांनी सदरा काढून ठेवला, उकिडवे बसले आणि पाण्यात भिजवलेल्या काचकागदानं रेघेच्या दोन्ही कडा घासायला लागले. मी शाळेतून आले की तांब्यानं पाणी धरायची. घासून घासून कडा अशा उतरत्या झाल्या की बोट फिरवलं तर रंग कुठं संपतो आणि पत्रा कुठं सुरू होतो ते कळू नये. मग चाचांनी तांबड्या अस्तराचा हात दिला. ते वाळल्यावर खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून खाचा भरायची लांबी तयार केली. आमच्या आईनं कणीक मळावी तशी ती मळून, पातळ पातीनं खोलगट भागात भरली. पुन्हा वाळवणं, पुन्हा घासणं. अंगणात जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास भरून राहिला. मावशीच्या आमटीलाही तो येतो असं काका म्हणायचे, पण तक्रारीच्या सुरात नव्हे.

आबा पहिल्यांदाच मावशीकडे राहत होते. रात्री ओसरीवर घोंगडं टाकून झोपायचे. जेवायला काका आणि आबा शेजारी शेजारी बसत. भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगांची चटणी, आणि दोघांच्या तोंडून अवाक्षर नाही. मावशी वाढता वाढता माझ्याकडं बघायची आणि डोळे फिरवायची. असे काही दिवस गेल्यावर एका संध्याकाळी काकांनी ताटाकडं बघतच विचारलं, "आबासाहेब, बसऱ्याला खेचरं नदीत कशी उतरवत होता?"

आबांनी घास हातातच धरला. "उतरीवत नव्हतो. पयल्या खेचराच्या कानात बोलायचं. त्ये गेलं की बाकीची जातात."

"काय बोलायचं?"

"कायबी. आमी गावाकडचं बोलायचो. पाऊस झाला का, शेळी व्याली का." मग आबा सांगायला लागले आणि काका ऐकायला लागले. ताटं वाळली तरी कुणी उठेना. आबांना इतकं बोलताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. गावी ते शेतातून दमून यायचे आणि आम्हा मुलांशी त्यांचं बोलणं हाक मारण्यापुरतं असायचं. ती गोष्ट ऐकत असताना मला वाटलं, हे काम कधी संपूच नये. कारण काम संपलं की माझी शाळा संपणार होती. रोज रेघ थोडी थोडी पुसट होत होती.

मग रंगाचा दिवस आला. चाचांनी डब्यातला लाल, काळा आणि तपकिरी असं काही काही एका वाडग्यात कालवलं, पत्र्याच्या झाकणावर पट्टा ओढून उन्हात वाळत ठेवला आणि वाळल्यावर दाराशेजारी धरला. "बघा."

आबा म्हणाले, "झ्याक. लावा."

मी बघितलं. तो रंग तो नव्हता. वाळक्या मिरचीसारखा होता, कोरडा आणि तापलेला. मोटारीचा रंग थंड होता, त्यात आत कुठंतरी जांभळाची झाक होती. मला हे इतकं लख्ख दिसत होतं की इतरांना कसं दिसत नाही याचंच नवल वाटलं. आणि त्याच क्षणी दुसरा विचार आला. गप्प बसावं. रंग चुकेल, संध्याकाळी काका नाक मुरडतील, सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. आणखी कितीतरी दिवस. माझं लक्ष आबांच्या हातांकडं गेलं. काचकागदानं बोटांची टोकं सोलून लाल झाली होती, आणि त्यांनी त्यावर हळद दाबून लावली होती. मला गप्प राहता आलं नाही.

"आबा, चुकतंय," मी म्हणाले.

आबांनी वर बघितलं. त्यांना चूक म्हणणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. "काय चुकतंय?"

"रंग. यात निळा नाही. मोटारीच्या रंगात निळा आहे, थोडासाच, पण आहे."

चाचा हसले. "बेटी, लाल मोटारीत निळा कुठून आला?" असं म्हणत त्यांनी झाकण पुन्हा दाराशी धरलं, डोळे बारीक केले, मान तिरकी केली, सावलीत नेलं, उन्हात आणलं. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी माझ्या परकराकडं बोट केलं. "हा कोणता रंग आहे?"

"निळा."

"खरंच निळा?"

"हो चाचा. मोरपंखी निळा."

त्यांनी वाकून परकराचा काठ बोटांत धरला. "मला मातकट दिसतो," ते म्हणाले. मग आबांकडं वळून, अगदी हळू आवाजात, "पाटील, दोन वर्षं झाली. समोर धुकं आहे. कुणाला सांगितलं नाही. टांगेवाल्यांना काय, भडक लाल आणि पिवळा दिला की खूश."

आबांनी बसल्या जागेवरून हात लांब करून चाचांच्या गुडघ्यावर ठेवला. "डोळं गेलं म्हणून हात जात न्हाईत," ते म्हणाले. "ही हाय की. हिचं डोळं घ्या, तुमचं हात चालवा."

गेल्या वर्षी, या म्हातारपणी, इथं साताऱ्यात माझ्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर खिडकीतून बघितलं तर आभाळ इतकं निळं, की कुणी मुद्दाम रंगवलंय असं वाटलं. कितीतरी वर्षं मी पिवळट आभाळ बघत होते आणि मला पत्ताच नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा चाचा पुरते कळले. ज्याचं पोट रंगावर, त्याच्या डोळ्यांतून एकेक रंग गुपचूप निघून जात होता, आणि तरी तो ऐटीत मोटारीभोवती फेरी मारत होता. सुनेला मी हे सांगायला गेले आणि मधेच मला पदर डोळ्यांना लावावा लागला.

पण त्या दुपारी कुणी रडलं वगैरे नाही. चाचांनी मला शेजारी पाट दिला. कुठल्या डब्यात काय आहे ते सांगितलं. "मी घालत जातो. तू थांब म्हटलं की थांबतो." निळ्याचा एक थेंब पडला, मी म्हणाले अजून. दुसरा पडला, ढवळलं. आता फार थंड झाला होता, थोडा तपकिरी हवा होता. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे असतात, हे चाचांनी मला शिकवलं. दाराचा वरचा भाग उन्हानं विटलाय आणि खालचा नाही, म्हणजे रंगही एक नव्हे, दोन करावे लागतील, हे मी त्यांना दाखवलं. झाकणं संपली तेव्हा मावशीनं स्वैपाकघरातली आणून दिली. ऊन कलायच्या सुमाराला एक पट्टा वाळला, चाचांनी तो दाराशी धरला आणि विचारलं, "बेटी?" मी बघितलं आणि झाकणाची कडच मला सापडेना. "हा," मी म्हणाले.

नंतरचं सगळं जपून करायचं काम होतं. शेडभोवती मावशीची जुनी लुगडी ओली करून टांगली, धूळ बसू नये म्हणून. जमिनीवर पाणी शिंपडलं. अंगण झाडायचं नाही, कोंबड्या सोडायच्या नाहीत, असा चाचांचा हुकूम. ते रंगाचा हात द्यायचे तेव्हा श्वास रोखून द्यायचे आणि कुंचला उचलल्यावरच सोडायचे. त्यांचा हात मात्र खरोखरच रेषेसारखा होता, कुठं थरथर नाही. एक हात, वाळवणं, अगदी बारीक कागदानं घासणं, पुन्हा हात. शेवटी वार्निश, आणि तेही पुरतं वाळेपर्यंत थांबणं. शेवटच्या दिवशी चाचांनी डबे-कुंचले आवरले आणि मी आत जाऊन माझे कपडे गाठोड्यात बांधले. मावशी स्वैपाकघरात भडंगाला फोडणी देत होती, आबांना वाटेत खायला. लसूण करपला तरी तिच्या लक्षात आलं नाही.

काका कोर्टातून आले ते कोटासकट शेडमध्ये गेले. वाकून बघितलं. मग डोळे मिटून दारावरून अंगठा फिरवत गेले, मागच्या चाकापर्यंत. परत आले. आबा हात पुसत उभे होते.

"आबासाहेब," काका म्हणाले, "त्या दिवशी भोंगा मी वाजवला होता."

"मला ठावं हाय."

"मग त्याच वेळी बोलला का नाहीत?"

"बैल माजं हुतं. बुजलं तर आवरायचं काम बी माजंच."

काकांनी मान खाली घातली. "मी बोललो ते बोलायला नको होतं. आणि रंग..." त्यांनी मोटारीचं दार उघडलं. मग एकदम म्हणाले, "बसा. मोटारीत बसा. चाचा, तुम्हीपण. इंदू, तू मागं बस."

पेट्रोल कुपनापुरतंच होतं, पण त्या संध्याकाळी काकांनी त्याचा विचार केला नाही. आम्ही बाजारपेठेतून गेलो. चाचा खिडकीतून हात काढून ओळखीच्या प्रत्येक टांगेवाल्याला हाक मारत होते. आबा पुढं, ताठ, एका हातानं पटका धरून. पुलावर वारा लागला तेव्हा ते काहीतरी मोठ्यानं बोलले आणि काका खदखदून हसले. मला मागं काय बोलले ते ऐकू आलं नाही. दोघांच्या पाठी हलताना दिसल्या, तेवढं मला पुरे होतं. येताना काकांनी चाचांना त्यांच्या बोळाच्या तोंडाशी सोडलं आणि पुढच्या आठवड्यात मिरजेच्या डॉक्टरांकडं डोळे दाखवायला न्यायचं कबूल करून घेतलं. नेलंही. एक डोळा बऱ्यापैकी सुधारला. तरी पुढं कितीतरी वर्षं, मी मोठी होईपर्यंत, चाचांचा निरोप यायचा की बेटीला पाठवा, झाकण बघायचंय. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली, आयुष्यभर. लोक विचारतात, गुरू कोण? मी चाचांचं नाव घेते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबांनी बैल जुंपले. मी गाठोडं घेऊन फाटकाशी उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, गाठोड्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आज शाळा न्हाई व्हय तुजी?"

मी गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं.

"जा, आत ठेव त्ये," ते म्हणाले.

मग गाडीवर चढायच्या आधी ते काकांकडं गेले. काका ओसरीवर घोंगड्याची घडी घालत होते. आबा खाली अंगणातच उभे राहिले, पटका सारखा केला, घसा खाकरला. आयुष्यात त्यांनी कुणाकडं कधी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"वकील," ते म्हणाले. साहेब म्हणाले नाहीत. "एक मागायचं हाय."

"मागा की."

"पोरीला एक रंगांची पेटी घिऊन द्या. मला त्यातलं कळत न्हाई, कुठली चांगली त्ये."

काकांनी घडी खाली ठेवली. मग "आज आणतो" एवढंच म्हणाले. आबांनी मान हलवली, गाडीवर चढले, आणि बैलांना काहीतरी बोलत बोलत फाटकाबाहेर निघून गेले.